बंद पडण्याची नोंदवही

एखादी वस्तू उगाचच बंद पडू शकते, हे मान्य न करणाऱ्या माणसांची उद्या एखादी अखिल भारतीय संघटना निघाली, तर तिचं अध्यक्षपद बिनविरोध माझ्या मामेसासऱ्यांकडे जाईल. मात्र ते पद ते लगेच स्वीकारणार नाहीत. जागा रिकामी का होती, केव्हापासून होती आणि ती रिकामी असल्याचं सर्वांत आधी कोणाच्या लक्षात आलं, याची ते चौकशी करतील. संबंधितांचे जबाब घेतील. आणि या भानगडीत संघटनाच बंद पडली, तर तिच्या बंद पडण्याचीही चौकशी करतील. ही दुसरी चौकशी त्यांना पहिलीपेक्षा अधिक आवडेल.

मामेसासरे म्हणजे माझ्या बायकोचे, नंदाचे, सख्खे मामा. मी त्यांना मामाजी म्हणतो. लाखनीला महामार्गापासून दोन गल्ल्या आत त्यांचं घर आहे, आणि आसगावची नंदा शाळेसाठी लहानपणी त्याच घरात राहिली. मामाजी पाटबंधारे खात्यात कालवा निरीक्षक होते. निवृत्त होऊन पंधरा वर्षं झाली, पण ही बातमी त्यांच्यापर्यंत अजून पूर्णपणे पोचलेली नाही. कॅनव्हासचे बूट, शर्टाच्या खिशात दोन पेनं, काखेत नोंदवही, आणि समोरच्या माणसाकडे न बघता त्याच्या पायाखालच्या जमिनीकडे बघण्याची सवय, हे सगळं जसंच्या तसं आहे. आयुष्यभर त्यांनी तलावांच्या पाळींवरून, म्हणजे मातीच्या बांधांवरून चालत, पाणी कुठं जातं ते शोधलं. आमच्या जिल्ह्यात तलाव इतके, की एक पाळ संपते न संपते तोच दुसरी लागते, त्यामुळे हे शोधणं संपण्याची भीती नव्हती. त्यांची पद्धत साधी होती. गळती दिसली की त्या जागेकडे ते अजिबात जात नसत. ‘पानी जिथं निघते ना, तिथं गळत नाई. गळते दुसरीकडंच,’ असं म्हणून ते पाळीच्या उलट्या टोकापासून चालायला सुरुवात करत. मग पाण्याची सगळी दारं बंद करायची, रोज एकच उघडायचं, आणि काय होतं ते लिहून ठेवायचं. या पद्धतीनं त्यांनी अनेक गळत्या शोधल्या. दरम्यान काही तलाव आटले हेही खरं, पण का आटले ते सगळ्यांना कळलं होतं.

निवृत्तीनंतर ही पद्धत घरी आली. मामींचा कुकर एकदा शिट्टी देईना, तेव्हा मामाजींनी डाळ तीन वेळा शिजवायला लावली: एकदा रबरासकट, एकदा रबराशिवाय आणि एकदा शेजारणीच्या कुकरमध्ये, तुलनेसाठी. आसगावला एका लग्नात वरात ऐन मांडवासमोर आली आणि बँडचा जनरेटर बंद पडला. मामाजींनी जनरेटरवाल्याला खुर्चीवर बसवून त्याचा जबाब लिहून घेतला. नवरदेव पाऊण तास घोड्यावर, घोडा पाऊण तास उन्हात, आणि मांडवात भटजी घड्याळ काढून बसलेले. शेवटी डिझेल संपल्याचं निघालं. ‘हे तर मघाच सांगितलं होतं जी याने,’ नवऱ्या मुलाचा काका वैतागून म्हणाला. मामाजींनी नोंदवही मिटली आणि शांतपणे म्हणाले, ‘डिझेल सरलं हे कारन नाई. भरताना कोनं पाह्यलं नाई, हे कारन आहे.’ मामाजींच्या बोलण्यात चूक सहसा सापडत नाही. अडचण तीच आहे.

मी स्वतः अशा सरकारी थाटाच्या माणसांपासून जरा अंतर ठेवून असतो. शिक्का, सही, ‘वरीलप्रमाणे’ आणि ‘सबब’ यांच्यावर ज्यांचा जीव आहे, त्यांच्याकडे मी पेपरच्या आडून बघतो. मामाजींकडेही बरीच वर्षं असंच बघत होतो. पण मागच्या उन्हाळ्यात ते चौकशी अधिकारी म्हणून बारा दिवस आमच्या भंडाऱ्याच्या घरी मुक्कामाला आले, आणि पेपर खाली ठेवावा लागला.

झालं असं की नंदाचा संगणक बंद पडू लागला. नंदा शाळेत मराठी शिकवते आणि गेली सहा-सात वर्षं आमच्या भागातल्या झाडीबोलीच्या शेती-तलावांच्या शब्दांवर प्रबंध लिहीत होती. म्हाताऱ्या माणसांकडे बसून तिनं शब्द गोळा केले होते. अकरा वह्या भरल्या होत्या. विद्यापीठाकडून दोनदा मुदत वाढवून झाली होती. तिसऱ्यांदा वाढत नाही, हे तिथल्या बाबूनं तिला तोंडावर सांगितलं होतं, तेही चहा पिता पिता. तेरा दिवस उरले होते. चार प्रकरणं टाइप करून झालेली, पाचवं, म्हणजे शब्दसंग्रहाचं, वह्यांतून टाइप व्हायचं होतं. आणि संगणकानं मध्येच पडदा निळा करून स्वतःचं स्वतः बंद होण्याचा नाद लावून घेतला. कधी तासानं, कधी दहा मिनिटांनी. दुरुस्तीवाला येऊन गेला. त्यानं पेटीवर दोनदा थापटी मारली आणि फॉरमॅट करावं लागेल असं सांगितलं. नंदानं त्याला सरबत देऊन परत पाठवलं आणि लाखनीला फोन लावला. हे मला नंतर कळलं. आधी कळलं असतं तर मी दुरुस्तीवाल्याला परत बोलावलं असतं.

दुसऱ्या दिवशी पहिल्या एसटीनं मामाजी आले. पायावर पाणी घेतलं, पाणी प्यायले, आणि संगणक ज्या खोलीत होता ती खोली सोडून बाकीचं सगळं घर पाहिलं. मीटर पाहिलं. गच्चीवरची टाकी पाहिली. मागच्या अंगणातला अर्थिंगचा खड्डा पाहून त्यात बादलीभर पाणी टाकायला मला सांगितलं. मग शेजारच्या गिरणीत जाऊन ती किती वाजता सुरू होते ते विचारून आले. तासाभरानं ते संगणकासमोर उभे राहिले तेव्हा त्यांनी त्याच्याकडे ज्या नजरेनं पाहिलं, ती नजर मी यापूर्वी एका चपराशावर पडलेली पाहिली होती.

‘पह्यल्यांदा कवा बंद पडला?’

‘मागच्या आठवड्यात मामा. मंगळवारी.’

‘वेळ?’

‘आता वेळ कुठं लक्षात राहते?’ नंदा म्हणाली.

‘हेच,’ मामाजी माझ्याकडे वळून म्हणाले. ‘लेक पीएचडी करून राह्यली, अन् वेळ लिहून ठेवत नाई.’

मी दुरुस्तीवाल्याचं मत त्यांच्या कानावर घातलं. फॉरमॅट म्हणजे काय ते त्यांनी समजावून घेतलं आणि म्हणाले, ‘म्हंजे पाळ फोडून तलाव रिकामा करनं. मंग गळती राह्यतच नाई. पानीच नाई तं गळन काय?’ दुरुस्तीच्या धंद्यावर याहून नेमकी टीका मी ऐकलेली नाही.

मग काम सुरू झालं. पेटीचं झाकण काढलं. आत धुळीचा असा थर होता की त्यात हरभरा पेरता आला असता. पंख्याच्या पात्यांवर तर ती नमद्यासारखी बसली होती. सायकलचा पंप आणून मामाजींनी ती उडवली, ती माझ्या पांढऱ्या शर्टावर आली. मेमरीच्या पट्ट्या काढून नंदाच्या पर्समधल्या खोडरबरानं घासल्या, जसं काही त्यांच्यावर चुकीचे आकडे लिहिले होते. पट्ट्या दमट वाटतात म्हणून त्या डब्यातल्या तांदळात पुरून ठेवायच्या ठरल्या. पण कोणत्या तांदळात, यावर मामा-भाचीचं अर्धा तास चाललं. चिन्नोरला वास असतो म्हणून तो बाद झाला आणि शेवटी साध्या जाड्या तांदळाची निवड झाली. संध्याकाळी सगळं जोडलं आणि संगणक सुरू झाला. दोन तास बंद पडला नाही. मला वाटलं, संपलं. पण चौकशी एका दिवसात संपली तर ती झाली असं मामाजी समजत नाहीत.

त्यांनी नोंदवही उघडली आणि पट्टीनं रकाने आखले. अनुक्रमांक, बंद पडल्याची वेळ, हवामान, वाऱ्याची दिशा, गिरणी चालू की बंद, घरात हजर असलेले लोक, गॅसवर काय होतं, आणि शेरा. पुढं हे रकाने त्यांनी इमानानं भरले. एक नोंद मला पाठ आहे: ‘सकाळी ११.४०. ऊन कडक. वारा नाही. गिरणी चालू. हजर: नंदा, जावई (पेपर वाचत). गॅसवर लाखोळीची डाळ. शेरा: जावयाचा संबंध दिसत नाही.’ माझ्याबद्दल एवढं स्वच्छ प्रमाणपत्र सासरकडून मला दुसरं मिळालेलं नाही.

त्याच रात्रीच्या जेवणाआधी त्यांनी दोन आदेश काढले. पहिला असा, की सगळी दारं बंद. म्हणजे संगणकाला जोडलेलं जे जे आहे ते काढायचं, इंटरनेटचा डबा, छपाईचं यंत्र, स्पीकर, सगळं. आणि रोज एकच जोडून पाहायचं. नंदाचा पेनड्राइव्हही काढला. त्यात चार प्रकरणांची प्रत होती, म्हणजे तो मामाजींच्या मते पुरावा होता. पुरावा टेबलावर पडून राहिलेला त्यांना चालत नाही. त्यांनी तो खाकी पाकिटात घातला, पाकिटाच्या जोडावर लाखेचा ठिपका दिला, त्यावर स्वतःची सही केली, माझी साक्षीदार म्हणून घेतली, आणि पाकीट कपाटात ठेवून दिलं.

‘मामा, मी रोज त्याच्यात कॉपी करत असते.’

‘चौकशी सुरू हाये तवर हात नाई लावाचा. उद्या म्हनशील, पेनड्राइव्हनंच बिघडला. मंग मी काय सांगू?’

‘कोणाला सांगता मामा? इथं कोण विचारून राहिलं?’

मामाजींनी कपाटाची कडी लावली. त्यांच्या आयुष्यात विचारणारा कोणीतरी नेहमी वर असतोच, तो दिसत नसला म्हणून काय झालं?

दुसरा आदेश माझ्या विरुद्ध गेला. आमच्याकडे उन्हाळ्यात कूलरसमोरची जागा ही मानाची जागा असते. लग्नाला तीस वर्षं होऊन गेली तरी सासरच्या कोणत्याही घरात पाय ठेवला की मला उचलून कूलरसमोर बसवतात. त्या जोरावर माझी सर्दी मृगापर्यंत टिकते. घरच्या कूलरसमोरही माझीच खुर्ची असते. मामाजींनी ती उचलून बाजूला ठेवली आणि तिथं टेबलासकट संगणक आणला. ‘गरमीनं बी बंद पडते म्हनतेत. त्याले थंडं पाह्यजे. जवाईबापू, तुमाले काय, तुम्ही पंख्याखाली बसा.’ कूलरची झडप थेट संगणकाच्या पेटीवर वळवली. वुडवूलच्या नव्या तट्ट्या लावल्या, टाकी काठोकाठ भरली. आत जावयासारखा संगणक बसला आणि बाहेर वऱ्हाडासारखे आम्ही.

दुसऱ्या दिवशी संगणक बंद पडला. तिसऱ्या दिवशी तीनदा पडला. मामाजींना समाधान वाटलं असं मी म्हणणार नाही, पण त्यांची भूक सुधारली. सकाळी उठून आंघोळ, पूजा, नोंदवही. एक दिवस स्पीकर जोडले, एक दिवस छपाईयंत्र. गिरणीवाला पाच मिनिटं उशिरा आला तर त्याला खिडकीतून वेळ विचारली. वायरी बदलल्या, प्लग बदलले, टेबलाखाली लाकडी फळी सरकवली. नंदा शाळेच्या सुट्ट्या असल्यानं दिवसभर त्याच टेबलाशी बसून टाइप करत होती, बंद पडलं की हात वर करून थांबत होती, मामाजी वेळ लिहून घेत होते, पुन्हा सुरू करत होते. मी पंख्याखाली घाम पुसत बसलो होतो. बाकीचं सगळं खात्यासारखं सुरळीत चाललं होतं.

सातव्या दिवशी दुपारी संगणक पुन्हा बंद पडला. सुरू केला, नंदानं पाचव्या प्रकरणाची फाइल उघडली, आणि पडद्यावर अक्षरांच्या जागी नुसते चौकोन आले. पानामागून पान, चौकोन. नव्वद पानं. तिनं पहिल्यापासून शेवटपर्यंत खाली-वर करून पाहिलं. मी पेपर ठेवून उठलो. मामाजी सवयीनं घड्याळाकडे बघून वेळ लिहायला लागले होते. पेन अर्ध्या आकड्यावर थांबलं.

नंदा रडली नाही. तिनं चष्मा काढून टेबलावर ठेवला.

‘मामा, पाकीट द्या.’

मामाजींनी कपाटातून पाकीट आणलं. सीलबंद पाकीट दोन पंचांसमोर उघडायचं असतं, हे त्यांनी मला याआधी तीनदा सांगितलं होतं. या वेळी त्यांनी कोणालाच बोलावलं नाही. उभ्या उभ्याच अंगठ्यानं लाख फोडली. पेनड्राइव्हमध्ये चार प्रकरणं होती. पाचव्याचं एक पानही नव्हतं, कारण पाचवं तिनं याच दिवसांत टाइप केलं होतं आणि प्रत ठेवायची तिला मनाई होती.

मुदतीला सहा दिवस उरले होते.

‘वह्या आहेत मामा,’ नंदा म्हणाली. ‘वह्यांतून पुन्हा टाइप करते. पण शोधत शोधत नाही होणार. कोणी वाचून दाखवलं तर होईल.’

मी वाचायला पुढं झालो. दुसऱ्याच शब्दाशी अडखळलो. मी पुस्तकी मराठीचा माणूस. बोलीतला शब्द माझ्या तोंडात गेला की त्याला बूट घातल्यासारखं होतं. मामाजींनी माझ्या हातातून वही घेतली, चष्मा नाकावर सरकवला आणि वाचायला लागले. त्यांना त्यातलं अक्षर न अक्षर माहीत होतं. नोंदवही टेबलाच्या कोपऱ्यावर तशीच उघडी पडली होती, आणि त्या दिवशी संगणक आणखी एकदा बंद पडला तरी त्यांनी ती उचलली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी कूलरची पाण्याची मोटर अडकली. पाणी चढेना, नुसता पंखा कोरडी, गरम हवा फेकत होता. कोणाला ती दुरुस्त करायला वेळ नव्हता. मामाजी वाचत होते, नंदा टाइप करत होती. बारा वाजले, दोन वाजले. चारच्या सुमारास मामाजी एका शब्दापाशी थांबले आणि संगणकाकडे बघत राहिले.

‘आज पडला नाई.’

‘नका बोलू मामा,’ नंदा म्हणाली. ‘वाचा.’

त्यांनी ते पान वाचून संपवलं, मग तिला चहाला उठवलं आणि पेटीचं झाकण काढलं. मी वाकून पाहिलं. आतल्या हिरव्या पाटीवर, जोडांच्या कडेनं, पांढरी पूड बसली होती. तशीच पूड कूलरच्या तट्ट्यांवर आणि झडपेवर असते. आमच्या बोअरचं पाणी खारं आहे. मामाजींनी बोटानं ती पूड खरवडली, चिमटीत धरून बघितली. पाळीवर जिथं पाणी झिरपून वाळतं तिथं मातीला असंच पांढरं फुटतं, हे त्यांनी आयुष्यभर पाहिलं होतं.

‘पानी येऊन गेलं इथून,’ ते म्हणाले. मग चिमटी झटकून पुढं म्हणाले, ‘म्यांच सोडलं.’

जुन्या दातांच्या ब्रशनं त्यांनी तासभर ती पूड काढली. संगणक त्याच्या मूळच्या कोपऱ्यात गेला. कूलरसमोर माझी खुर्ची परत आली, पण मला तिथं बसायची शरम वाटली, म्हणून काही दिवस तिथं कोणीच बसलं नाही. संगणक त्यानंतर बंद पडलेला नाही.

त्या पाच दिवसांत मी जे ऐकलं ते मी पूर्वी ऐकलं नव्हतं. सकाळी उजाडल्याबरोबर मामाजी वाचायला बसत आणि दिवस मावळेपर्यंत वाचत. वाचता वाचता अडत. ‘तुडूम,’ त्यांनी एकदा वाचलं, ‘तलावातून पाणी सोडण्याचे तोंड.’ आणि वही खाली ठेवली.

‘काय झालं मामा?’

‘अर्धं हाये हे. तोंड तं हाये, पन थे उघडाचं कसं, हे कोनं सांगितलं नाई तुले?’

‘ज्या म्हाताऱ्या आजोबांकडून हा शब्द घेतला, त्यांनी एवढंच सांगितलं.’

‘थो कदी उतरला नसन. लाकडाचा गुटका बसवला राह्यते भोकात. मानूस पान्यात उतरते, पायानं भोक चाचपते, मंग बुडी मारून गुटका काढते. गुटका निघाला की पानी पाय ओढते. तवा वर येता आलं पाह्यजे.’

‘तुम्ही उतरले होते?’

‘नवीन होतो तवा. दोनदा.’ मग पान उलटत, ‘तिसऱ्यांदा साहेबानं मनाई केली. लेखी.’

नंदानं ते सगळं टाइप केलं आणि विचारलं, ‘मामा, माहिती कोणी दिली ते लिहावं लागते. तुमचं नाव टाकते.’

‘नाव नको टाकू. लिही, एक कालवा निरीक्षक, निवृत्त.’

असे चाळीसेक शब्द त्या पाच दिवसांत दुरुस्त झाले आणि काही नवे आले. पहिल्या पाचव्या प्रकरणापेक्षा दुसरं चांगलं झालं, असं नंदाचं मत आहे. ते मी मामाजींना त्या वेळी सांगणार होतो, पण त्यातून नुकसान झालं तेच बरं झालं असा अर्थ निघाला असता, आणि तो त्यांनी लेखी मागितला असता. मुदतीच्या आदल्या दिवशी प्रबंध छापून, बांधून, विद्यापीठात जाऊन पोचला. बाबूनं तो हातात घेतला, पानं मोजली नाहीत, मागच्या फळीवर दुसऱ्या प्रबंधांवर ठेवला आणि पावती दिली. सात वर्षं आणि सहा दिवसांचं एवढंसं काम होतं.

त्या संध्याकाळी मामाजींनी नोंदवहीत अहवाल लिहिला. चार ओळींचा होता. ‘मूळ दोष धुळीचा होता व तो चौकशीच्या पहिल्याच दिवशी दूर झाला. त्यानंतर संगणक जितक्या वेळा बंद पडला, तितक्या वेळा तो चौकशी अधिकाऱ्याने त्यास कूलरसमोर ठेवल्याने पडला. पेनड्राइव्ह पाकिटात ठेवण्याचा आदेशही त्याच अधिकाऱ्याचा असल्याने झालेल्या नुकसानीस तो एकटा जबाबदार आहे.’ खाली सही, आणि साक्षीदार म्हणून माझ्यासाठी रिकामी जागा.

मी नोकरीच्या निमित्तानं बरेच चौकशी अहवाल वाचले आहेत. त्यांत दोष हवामानाचा निघतो, मागच्या अधिकाऱ्याचा निघतो, फार झालं तर चपराशाचा निघतो. लिहिणाऱ्याचा निघालेला मी हा एकच पाहिला.

‘मामाजी, एवढं लिहायची काही गरज नव्हती,’ मी म्हणालो. ‘काम झालं ना शेवटी.’

‘जवाईबापू,’ ते पेनाचं टोपण लावत म्हणाले, ‘मंग नोंदवही कायले ठेवली?’

मी सही केली. नंदानं तो अहवाल वाचला आणि मामांच्या डब्यात दशम्या बांधायला गेली. दुसऱ्या दिवशी ते लाखनीला परत गेले.

पुढं दर रविवारी सकाळी त्यांचा फोन यायचा. ‘बंद पडला का?’ ‘नाही मामा.’ ‘एकदाबी?’ ‘एकदाबी नाही.’ ‘हं,’ म्हणून ते फोन ठेवायचे. नंदाला पदवी मिळाली तेव्हाही त्यांनी अभिनंदन करून झाल्यावर तोच प्रश्न विचारला. हिवाळ्यानंतर फोन लांबत गेले, आणि मग यायचे थांबले. नंदानं मामींना विचारलं.

‘तब्येतीले काही झालं नाई,’ मामी म्हणाल्या. ‘पन बसूनच राह्यतेत दिवसभर. पोरगा दिवाळीले आला, त्यानं सगळं नवीन घेऊन देल्लं. फ्रीज, मिक्सर, पंखे, सगळं. आता घरात काही बिघडतच नाई माय. यायनं करावं तं काय करावं?’

हे ऐकून मी दोन दिवस काही केलं नाही. अशा गोष्टींत मी पडत नाही. तिसऱ्या दिवशी, म्हणजे आज सकाळी, नंदा बाजारात गेली असताना मी लाखनीला फोन लावला.

‘मामाजी, कम्प्युटर पुन्हा बंद पडून राहिला.’

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

‘कवापासून?’

‘परवापासून.’

‘वेळ?’

याची मी तयारी केली नव्हती. सुचेल ती वेळ सांगितली. त्यांनी ती मोठ्यानं म्हणत लिहून घेतली. ‘कोनी हात लावू नका,’ ते म्हणाले. ‘दुपारच्या एसटीनं येतो.’ मागून मामी काहीतरी विचारत होत्या, आणि मामाजी त्यांना बूट कुठं आहेत ते विचारत होते.

नंदा आली तेव्हा मी पेटीचं झाकण काढून, हातात पेचकस घेऊन बसलो होतो. संगणक उत्तम चालू होता. मी तिला झालेलं सांगितलं. ती हातातली पिशवी घेऊन भाजी ओट्यावर ठेवायला आत गेली.

‘सोपं नका करू,’ आतून तिचा आवाज आला. ‘मामाले सोपं आवडत नाही.’

एसटी यायला अजून दोन तास आहेत. एक वायर मी सैल करून पाहिली, पण ती त्यांना उभ्या उभ्या सापडेल आणि जेवून ते परत जातील. निदान आठ दिवस पुरेल असा एखादा दोष मी शोधतो आहे.